चीफ इलिनिवेकवर स्टुडंट डॉक्युमेंटरी करतेय, पार अडकलेय, मदत करा

ओवी_अर्बाना

नमस्कार मंडळी. मी इलिनॉय युनिव्हर्सिटीत, म्हणजे अर्बाना-शँपेनला, मास्टर्स करतेय आणि या सेमिस्टरला हौसेने डॉक्युमेंटरीचा क्लास घेतला. हौसेला मोल नसतं म्हणतात, माझी मात्र झोप गेलीये. फायनल प्रोजेक्ट म्हणजे बारा मिनिटांची फिल्म आणि मी शहाणीने विषय निवडला चीफ इलिनिवेक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इथे १९२६ पासून मॅचच्या हाफटाइमला एक विद्यार्थी पिसांचा मोठा टोप घालून 'इंडियन चीफ' बनून मैदानात नाचायचा. पहिला जो मुलगा होता तो बॉय स्काउट, नाच स्काउटिंगमध्येच शिकलेला. १९८२ ला जो पोशाख आला तो लाकोटा लोकांचा, फ्रँक फूल्स क्रो या त्यांच्या वयोवृद्ध प्रमुखांकडून घेतलेला. आणि नाव मात्र इलिनिवेक, जे लोक या भागात राहायचे आणि ज्यांचे वंशज आता पिओरिया जमात म्हणून थेट ओक्लाहोमात आहेत. म्हणजे नाव एकाचं, कपडे दुसऱ्याचे आणि नाच स्काउटांचा! मधे १९४३ ला युद्धाच्या काळात आयडेल स्टिथ नावाची मुलगी 'प्रिन्सेस इलिनिवेक' म्हणूनही नाचली, हे वाचून मी खुर्चीतून पडायची बाकी होते.

२००५ ला एनसीएएने (कॉलेज खेळांची मोठी संघटना) नियम केला की असले मॅस्कॉट (संघाचं प्रतीक) असतील तर चँपियनशिप स्पर्धांचं यजमानपद मिळणार नाही. 'इल्लिनी' हे आमच्या संघांचं नाव अपिलात वाचलं, चीफ नाही वाचला. २१ फेब्रुवारी २००७ ला बास्केटबॉलच्या मॅचला शेवटचा नाच झाला आणि तेव्हापासून युनिव्हर्सिटीला मॅस्कॉटच नाही. २०२० ला विद्यार्थ्यांनी किंगफिशरच्या, म्हणजे आपल्या खंड्याच्या बाजूने मत दिलं होतं (निळा पक्षी, मादीच्या पोटावर तांबूस पट्टा, युनिव्हर्सिटीचे रंग निळा-केशरी, गोड आहे की नाही?) पण मतदान विद्यार्थ्यांपुरतंच होतं.

आता रडगाणं. नऊ इंटरव्ह्यू शूट केलेत. पाच जण म्हणतात तो सन्मान होता, चार म्हणतात तो अपमान होता, मी एकानंतर एक लावलेत आणि रफ कट बघितला तर अगदी शाळेतली वादविवाद स्पर्धा दिसतेय, फक्त शेवटी ढाल द्यायची राहिली. क्लासमधली एक मैत्रीण म्हणाली हे तर मी वाचूनही समजून घेतलं असतं, बघायचं कशासाठी. मला राग आला पण खरं आहे तिचं.

शिवाय जुन्या नाचाचं फुटेज वापरायचं तर ते कोणाचं असतं, आणि ओक्लाहोमातल्या लोकांशी बोलायला मी कोण, म्हणजे मी इथली नाही, त्यांच्यातली नाही, दोन वर्षांपूर्वी आलेली मुलगी. कोणी असं काही केलंय का?

कात्रीवाला

मी एडिटिंग करतो, पोट त्यावरच आहे. तुझा प्रॉब्लेम विषयाचा नाहीये, नुसती डोकी बोलतायत हा प्रॉब्लेम आहे. नऊ माणसं बारा मिनिटांत म्हणजे माणशी सव्वा मिनिट, त्यात माणूस धड खाकरत पण नाही.

एक विचारतो, चीफ गेला पण हाफटाइम तर अजून होतोच ना? तेव्हा तिथे नक्की काय होतं? फक्त तेवढं सांग, मत नको सांगूस.

ओवी_अर्बाना

@कात्रीवाला बँड अजून तीच ट्यून वाजवतो. 'थ्री इन वन' म्हणतात तिला, ज्यावर चीफ नाचायचा. 'वॉर चँट' नावाचा एक तुकडा होता तो २०१७ ला बंद केला पण ही चालू आहे. ती लागली की स्टँडमधले बरेच लोक उभे राहतात, हात छातीसमोर आडवे बांधून वर धरतात, चीफची तशी पोझ होती शेवटची, आणि ट्यून संपली की 'चीफ!' असं ओरडतात. मैदानाच्या मध्यात कोणीच नसतं. काही लोक बसून राहतात. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती ती मोबाइलमध्ये बघत होती, पण स्क्रीन बंद होती.

कात्रीवाला

झाली की तुझी फिल्म!!! हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंस, तिथे २००५ आणि २००७ सांगत बसलीस. बंद स्क्रीनकडे बघणारी मुलगी एक शॉट आहे, नऊ इंटरव्ह्यू एका बाजूला आणि तो शॉट एका बाजूला. (तिला विचारल्याशिवाय चेहरा वापरू नकोस अर्थात.)

आता ऐक. पुढच्या होम गेमला जा, कॅमेरा मैदानाकडे लावूच नकोस, सगळा वेळ स्टँडकडे लाव. ट्यून पूर्ण रेकॉर्ड कर, सुरुवातीपासून ओरडण्यापर्यंत, एका टेकमध्ये. उभे राहणारे, बसलेले, अर्धवट उठून परत बसणारे, पोराला हात कसे बांधायचे ते शिकवणारा बाप असेल तर तो. हा तुझा कणा. इंटरव्ह्यूतले आवाज यावर टाक, चेहरे कमी. आणि जुना नाच जितका कमी दाखवशील तितकं बरं, कारण नाच देखणा असेल तर प्रेक्षक नाचातच अडकतो आणि तुझी फिल्म त्याची जाहिरात होऊन बसते. बघणारे दाखव.

आणि प्रत्येक इंटरव्ह्यूच्या जागी एक मिनिट गप्प बसून रूम टोन (त्या खोलीचा नुसता रिकामा आवाज) घेतलायस का? नसशील घेतला तर एडिटला रडशील. मी माझ्या पहिल्या फिल्मला नव्हता घेतला, एका बाईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर होती, प्रत्येक कटला ती घरघर उडी मारायची, आजही झोपेत ऐकू येते.

ग्रँडफोर्क्सकर

नॉर्थ डकोटाला सहा वर्षं काढली आहेत मी, ग्रँड फोर्क्समध्ये, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला जन्मसिद्ध हक्क आहे असं समजतो 😄 तिथल्या युनिव्हर्सिटीच्या संघांचं नाव 'फायटिंग सू' होतं (सू म्हणजे तिथले नेटिव्ह लोक). राल्फ एंगलस्टॅड नावाच्या एका माजी विद्यार्थ्याने, लास वेगासचा कॅसिनोवाला, दहा कोटी डॉलरच्या वरचं हॉकी स्टेडियम बांधून दिलं. बांधकाम अर्धं झालेलं असताना २००० च्या डिसेंबरमध्ये त्याने पत्र लिहिलं, नाव बदललंत तर पैसे बंद, इमारत तशीच थंडीत पडू देत. थोड्याच दिवसांत राज्याच्या बोर्डाने नाव ठेवायचं ठरवलं. आणि आत गेलात की लोगोच लोगो, हजारोंनी, ग्रॅनाइटच्या फरशीत, खुर्च्यांच्या कडेला. उद्या नाव बदलायचं ठरलंच तर काढताना फेस आला पाहिजे असा हिशोब.

पुढे एनसीएएशी कोर्टकचेरी झाली, २००७ ला तडजोड झाली की दोन्ही सू जमातींची संमती आणा, तीन वर्षं मुदत. स्पिरिट लेकच्या लोकांनी २००९ ला मतदान करून मोठ्या बहुमताने हो म्हटलं. स्टँडिंग रॉकने मतदानच घेतलं नाही, त्यांच्या कौन्सिलचा विरोध आधीपासून होता. मग २०१२ ला अख्ख्या राज्यात मतदान, दोन तृतीयांश लोकांनी नाव सोडायच्या बाजूने कौल दिला, आणि २०१५ ला 'फायटिंग हॉक्स' आलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की 'नेटिव्ह लोकांचं मत काय' असा प्रश्न विचारू नकोस. एक मत नसतं. फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीचा फ्लोरिडा स्टेटला पाठिंबा आहे, म्हणून एनसीएएने त्यांना सूट दिली. तुझ्या पिओरिया जमातीतही २००० साली त्यांच्या कौन्सिलने चीफ बंद करा असा ठराव केला तो ३ विरुद्ध २ असा होता, हे बहुतेकांना माहीत नसतं. मला विचारशील तर त्या ३-२ मध्ये तुझ्या पाच-चारपेक्षा जास्त फिल्म आहे, कारण ती पाच माणसं आपल्याच पूर्वजांच्या नावाबद्दल बोलत होती, तिकिटाच्या नाही.

आणि पैसा शोध. सरकारी युनिव्हर्सिटी आहे, इलिनॉयच्या माहिती अधिकाराच्या कायद्याने अर्ज कर, पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं (आणखी पाच वाढवून घेऊ शकतात). २००५ ते २००७ मधली पत्रं माग. देणगीदारांनी काय काय लिहिलं असेल वाचायला मजा येईल.

फुलस्टॉप

ज्यांचं भांडण त्यांना भांडू दे. तू डिग्री घे आणि नोकरी बघ.

ओवी_अर्बाना

@फुलस्टॉप आईचा आयडी आहे का हा? 🙏

इल्लिनी९६

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचतो फक्त. पण आज राहवलं नाही.

ओवी, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी तिथेच एमएस केलं, ९६ ला पास झालो. नवीन आलो तेव्हा कोणी ओळखीचं नाही, इंग्लिश बोलायची भीती, लॅबमधून रूमवर आणि रूमवरून लॅबमध्ये. एका शनिवारी रूममेटने ओढत मेमोरियल स्टेडियमला नेलं. खेळ ओ की ठो कळत नव्हता. हाफटाइमला बँड आला आणि बँडच्या रांगांमधून हा एकदम बाहेर निघाला, आणि पन्नास-साठ हजार माणसं गप्प. तू कधी एवढी माणसं गप्प झालेली ऐकलीयेस? नाच झाला, त्याने हात बांधले, सगळ्यांनी बांधले, मीही बांधले. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी पण इथला कोणीतरी आहे.

आता तुम्ही सगळे म्हणताय ते चुकीचं होतं. असेल. पण ती साठ हजार माणसं काही दुष्ट नव्हती आणि असल्या फिल्ममध्ये आमच्यासारखे लोक नेहमी मूर्ख म्हातारे म्हणून दाखवले जातात, टोपी घातलेला, गॅरेजमध्ये बसलेला, शिव्या देणारा. तसं करू नकोस एवढंच.

ग्रँडफोर्क्सकर

@इल्लिनी९६ काका, तुमचं बरोबर आहे पण तुमच्या थोडं आधीपासून त्याच स्टेडियमबाहेर शार्लीन टीटर्स उभ्या असायच्या. स्पोकेन जमातीच्या, तिथेच आर्ट शिकायला आलेल्या. मुलांना घेऊन बास्केटबॉलच्या मॅचला गेल्या, चीफ आला आणि पोरं सीटमध्ये खाली खाली सरकत गेली, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. मग त्या एकट्या बोर्ड घेऊन उभ्या राहायला लागल्या, 'इंडियन्स आर ह्यूमन बीइंग्ज' लिहिलेला. लोक शिव्या देत जायचे. त्यांच्यावरची फिल्म १९९७ ला पीबीएसवर (इथलं सार्वजनिक टीव्ही चॅनल) लागली होती. तुम्ही तिथे असाल तर तुम्ही त्यांना बघितलं असेल.

इल्लिनी९६

बोर्ड घेऊन उभे असलेले लोक बघितलेत. त्या स्वतः कधी होत्या की नव्हत्या माहीत नाही. आम्ही दुसऱ्या गेटने जायचो.

(दुसऱ्या गेटने का जायचो हे मला आत्ता लिहिताना सुचलं. पार्किंग तिकडे होतं असं म्हणणार होतो, पण आमच्याकडे गाडीच नव्हती.)

कागदपत्रे

भावनिक चर्चा चालू दे, मी रुक्ष मुद्द्यांवर येते, ओवीने फुटेज कोणाचं असतं विचारलंय आणि कोणी उत्तरच दिलं नाही.

जुन्या मॅचचं टीव्ही फुटेज चॅनलचं किंवा लीगचं असतं, युनिव्हर्सिटीने स्वतः शूट केलेलं युनिव्हर्सिटीचं, लोगो ट्रेडमार्क आहे तो वेगळा. पण तू टीका किंवा विश्लेषण करतेयस आणि त्यासाठी लागेल तेवढाच तुकडा वापरतेयस तर फेअर यूजमध्ये (परवानगीशिवाय थोडा भाग वापरायची कायद्यातली सूट) बसू शकतं. डॉक्युमेंटरीवाल्यांनी २००५ ला अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या मदतीने याची एक नियमावली लिहिली, ती शोधून वाच, सोप्या भाषेत आहे. साधी कसोटी, तो तुकडा काढून टाकला तर तुझं म्हणणं लंगडं पडतं का? पडत असेल तर ठेव, नुसता छान दिसतो म्हणून असेल तर काढ. युनिव्हर्सिटी आर्काइव्हमध्ये आधी जा, तिथले लोक तू विचारलंस तर आनंदाने बसतील तुझ्याबरोबर. बँडच्या ट्यूनचं वेगळं बघावं लागेल, ट्यून कोणाची आणि वाजवलेलं रेकॉर्डिंग कोणाचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रिलीज फॉर्मवर (इंटरव्ह्यू वापरायची लेखी परवानगी) नऊ जणांच्या सह्या आहेत ना? आहेत म्हणू नकोस, फोल्डर उघड आणि मोज. क्लासच्या डॉक्युमेंटरीला साधारणपणे आयआरबी (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती) लागत नाही, नव्या नियमात पत्रकारिता आणि ओरल हिस्टरी वगळलेल्या आहेत, पण हेच मटेरियल पुढे थीसिसमध्ये वापरायचं मनात असेल तर आधीच विचारून घे. इलिनॉयमध्ये खासगी बोलणं लपवून रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, तेव्हा मोबाइल खिशात चालू ठेवून गप्पा मारायचा मोह टाळ. आणि एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आहेस तर यूट्यूबला टाकून त्यावर जाहिराती चालू करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार. एवढंच. तुम्ही रडा आता.

ओवी_अर्बाना

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. फोल्डर उघडलं. सात सह्या आहेत. 😐

काल रात्री परत सगळे रशेस (न कापलेलं शूटिंग) बघितले, आवाज बंद करून, कात्रीवाला तुम्ही म्हणालात चेहरे कमी म्हणून मुद्दाम चेहरेच बघितले. माझ्याकडे एक आजोबा आहेत, सत्तरीतले, चीफच्या बाजूचे. ते बोलता बोलता एका जागी थांबतात, खिडकीकडे बघतात आणि त्यांचे हात आपोआप छातीसमोर येतात, तसेच आडवे. त्यांना कळलेलं पण नाही. मग हात सोडतात आणि गुडघ्यावर ठेवतात. अकरा सेकंद. शूटिंगच्या वेळी मी नोट्सच्या कागदावर पुढचा प्रश्न शोधत होते, त्यामुळे हे माझ्यासमोर होऊन मला दिसलंच नव्हतं!!

पिओरियाबद्दल, मी ऑफिसला ईमेल लिहिलाय, ओक्लाहोमात मायॅमी नावाचं गाव आहे तिथे (फ्लोरिडातलं नाही, माझ्या रूममेटने लगेच बीच विचारला). इथून गाडीने साधारण आठ तास. 'तुम्हाला अपमान वाटला का' असं नाही विचारलं, ते त्यांना आजवर किती जणांनी विचारलं असेल देव जाणे. तुम्ही सध्या कशावर काम करताय आणि आमच्या युनिव्हर्सिटीने तुम्हाला चीफ सोडून दुसरं काही कधी विचारलंय का, एवढंच विचारलंय. नाही म्हणाले तर नाही, मग ते नाही पण फिल्ममध्ये येईल, एक ओळ.

@इल्लिनी९६ काका, राग मानू नका पण विचारते. गेटचं जे तुम्ही कंसात लिहिलंत ते कॅमेऱ्यासमोर बोलाल का? पूर्ण ठेवेन, साठ हजार माणसं गप्प झाली तेही ठेवेन, ते आधी आणि गेट नंतर. टोपी आणि गॅरेज नाही, प्रॉमिस. फायनल कट आधी तुम्हाला दाखवेन.

कात्रीवाला

ओवी, फायनल कट दाखवायचं प्रॉमिस कोणाला करू नये असा आमच्या धंद्यातला नियम आहे, माणसं मग स्वतःचं नाक बारीक करायला सांगतात. त्यांची वाक्यं त्यांना दाखव, तुकडा दाखव, अख्खी फिल्म नको. बाकी अकरा सेकंदांना हात लावू नकोस, कापू नकोस, खाली म्युझिक तर अजिबात नको. आजोबांना मात्र आधी दाखव ते, त्यांना माहीत असायला हवं.

इल्लिनी९६

दोन दिवस विचार केला. बायको म्हणाली बोल, नाहीतरी दर वर्षी होमकमिंगला मला तीच गोष्ट ऐकवतोस. तर बोलेन. कट नाही दाखवलास तरी चालेल, माझं वाक्य अर्धं तोडू नकोस म्हणजे झालं. आणि ते गेटबद्दल मी अजून आठवतोय, नक्की कोणाच्या सांगण्यावरून आम्ही तिकडून जायचो ते, रूममेटला फोन करणार आहे, तो आता टेक्सासला असतो.

दुसरं म्हणजे फुटेजचं. ९५ च्या फॉलला मी नवीन हाय-एट (तेव्हाची छोटी व्हिडिओ टेप) कॅमकॉर्डर घेतला होता, दोन पगार साठवून, आणि एका मॅचला नेला होता. तेव्हा कोणी अडवत नव्हतं. टेप बेसमेंटमध्ये सापडली. मी स्वतः शूट केलंय त्यामुळे ते मालकीचं वगैरे @कागदपत्रे बघतील. पण ओवी, तुला त्याचा कितपत उपयोग होईल माहीत नाही. आम्ही खूप वर बसलो होतो आणि मला तो झूम काही जमत नव्हता, चीफ म्हणजे एक पांढरा ठिपका दिसतो फक्त. बहुतेक वेळ पुढच्या रांगेतली माणसंच आलीयेत.

कागदपत्रे

तुम्ही शूट केलंत तर चित्रीकरण तुमचं. ओवीला लेखी परवानगी द्या, एक ओळ पुरे. ट्यूनचं मी वर लिहिलंय.

ओवी_अर्बाना

काका पाठवा पाठवा पाठवा. पुढच्या रांगेतली माणसंच हवीयेत मला!

शँपेन-अर्बानात कोणाकडे चालू हाय-एट प्लेअर आहे का??